'लुक आफ्टर' कोठे वापरावे आणि कोठे नाही

मराठीत 'काळजी' हे एकच नाम वेगवेगळ्या क्रियापदांच्या संगतीने वेगवेगळे अर्थ देते. गावी एकट्या राहणाऱ्या आईची काळजी मुंबईतल्या मुलाला 'वाटते', तो रात्री जागून तिची काळजी 'करतो', आणि तिची काळजी 'घेते' ती मात्र शेजारची वहिनी, जी सकाळी गोळ्या देते, दुपारी डबा पोचवते आणि महिन्यातून एकदा तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेऊन आणते. वाटणे, करणे आणि घेणे यांतला हा फरक मराठी माणूस लहानपणापासून बिनचूक पाळतो आणि तो कोणी त्याला शिकवावा लागत नाही. इंग्रजी बोलताना मात्र हाच माणूस अडखळतो, कारण तिथे 'केअर' हा शब्द इतक्या ठिकाणी डोकावतो की तिन्ही अर्थांसाठी तोच वापरला तरी चालेल असे वाटू लागते. इंग्रजीत मुलाला जी काळजी वाटते ती 'वरी' असते, आई त्याच्या लेखी महत्त्वाची आहे हे 'केअर अबाउट' ने सांगितले जाते, आणि वहिनी जे करते त्यासाठी रोजच्या बोलण्यातला सर्वांत सरळ शब्दप्रयोग 'लुक आफ्टर' हा आहे.

हा शब्दप्रयोग नीट कळण्यासाठी एक गोष्ट पक्की धरून ठेवावी. 'लुक आफ्टर' भावनेबद्दल काही सांगत नाही. तो जबाबदारीबद्दल सांगतो: अमुक माणूस, प्राणी, वस्तू किंवा काम ठरावीक काळ कोणाच्या हवाली आहे आणि ते सुस्थितीत राहील हे कोण पाहणार आहे. म्हणूनच 'शी लुक्स आफ्टर हर मदर-इन-लॉ' या वाक्यावरून सासूसुनेचे पटते की नाही हे कळत नाही, फक्त सासूबाईंचे खाणेपिणे, औषधपाणी आणि येणेजाणे सून पाहते एवढेच कळते. मराठीतले 'सांभाळणे' हे क्रियापद अर्थाने याच्या सर्वांत जवळ आहे, कारण 'सासूला सांभाळते' या वाक्यातही माया गृहीत धरलेली नाही आणि नाकारलेलीही नाही.

ब्रिटनमधल्या रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाच्या खाटेपाशी सकाळची पाळी सुरू झाली की नर्स येते, आपले नाव सांगते आणि म्हणते, 'आय विल बी लुकिंग आफ्टर यू टुडे.' हे वाक्य तिथे इतके रुळलेले आहे की ऐकणाऱ्याचे त्याच्याकडे लक्षही जात नाही. पण त्यातला प्रत्येक शब्द काही ना काही काम करतो. शेवटच्या 'टुडे' ने जबाबदारीची मुदत सांगितली जाते, म्हणजे ही पाळी संपली की दुसरी कोणी येईल. 'आय विल लुक आफ्टर यू' असे साधे रूप वापरले असते तर ते वचन किंवा दिलासा ठरले असते, 'घाबरू नका, मी आहे' अशा धर्तीचे. 'विल बी लुकिंग' या रूपामुळे ती केवळ ठरलेली व्यवस्था कळवते: आज तुमच्याकडे माझी नेमणूक आहे, काही लागले तर मला सांगा. आपल्याकडे नर्स 'आज मी आहे तुमच्याकडे' असे म्हणते, तेव्हा नेमका हाच अर्थ असतो. अमेरिकेत याच घडणीचे वाक्य उपाहारगृहात ऐकू येते, फक्त तिथे वेटर 'आय विल बी टेकिंग केअर ऑफ यू टुनाइट' असे म्हणतो. दुकानात काउंटरपाशी उभे असताना 'आर यू बीइंग लुक्ट आफ्टर?' असे कोणी विचारले तर त्यात आपल्या प्रकृतीची चौकशी नसते. 'तुमच्याकडे कोणी पाहिले का, की मी पाहू?' एवढाच तो प्रश्न असतो, आणि कोणी आधीच मदत करत असेल तर 'येस, थँक यू' इतके उत्तर पुरते.

व्याकरणाच्या दृष्टीने 'लुक आफ्टर' सोपा आहे, कारण त्याचे दोन्ही शब्द एकमेकांना सोडत नाहीत. इंग्रजीतल्या काही जोडक्रियापदांत कर्म मध्ये शिरू शकते, आणि ते सर्वनाम असेल तर शिरावेच लागते. शब्दकोशात शब्द पाहायचा असेल तर 'लुक इट अप' असेच म्हणावे लागते. 'लुक आफ्टर' च्या मध्ये मात्र कर्म कधीही येत नाही, कर्म एका अक्षराचे असो की एका ओळीचे. 'लुक हर आफ्टर' हे चूक आहे आणि 'लुक आफ्टर हर' हे बरोबर. मराठी बोलणाऱ्याची दुसरी चूक विभक्तीतून येते: आपण 'आईला बघणे' किंवा 'आईची काळजी घेणे' म्हणतो, त्यामुळे त्या 'ला' आणि 'ची' साठी इंग्रजीतही काहीतरी हवे असे वाटून 'लुक आफ्टर टू माय मदर' किंवा 'लुक आफ्टर अबाउट हर' असे म्हटले जाते. विभक्तीचे काम 'आफ्टर' ने आधीच केलेले असते, त्यानंतर दुसरे शब्दयोगी काही लागत नाही. 'अमुक होईल याची काळजी घ्या' असे सांगायचे असेल तर 'लुक आफ्टर दॅट' अशी रचना इंग्रजीत नाही. तिथे 'मेक शुअर दॅट' किंवा जरा औपचारिक 'सी टू इट दॅट' वापरावे.

कर्मणी प्रयोगात आणि प्रश्नात हे 'आफ्टर' वाक्याच्या शेवटी एकटे उरते, आणि तिथेच ते गळून पडण्याचा धोका सर्वांत जास्त असतो. 'द चिल्ड्रन आर वेल लुक्ट आफ्टर' म्हणजे मुलांची व्यवस्था नीट ठेवली जाते. यातले शेवटचे 'आफ्टर' काढले तर उरलेल्या वाक्याला इंग्रजीत काही अर्थच राहत नाही. 'शी हॅज टू चिल्ड्रन टू लुक आफ्टर' या वाक्यातही 'आफ्टर' शेवटी लोंबकळल्यासारखे वाटते, तरी ते तिथेच हवे. उच्चारात 'लुक्ड' मधला 'ड' ऐकू येत नाही, तो 'ट' होतो आणि पुढच्या स्वराला चिकटतो, त्यामुळे दोन्ही शब्द मिळून 'लुक्टाफ्टर' असे कानावर पडते. भराभर बोलणाऱ्या इंग्रज माणसाकडून हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा कोणता तरी नवाच शब्द आहे असे वाटणे स्वाभाविक आहे. अमेरिकन उच्चारात 'आ' च्या जागी 'ॲ' येतो, बाकी सारे तसेच राहते.

काळाची निवडही पाहण्यासारखी आहे. 'आय लुक आफ्टर माय फादर' हे कायमच्या व्यवस्थेबद्दलचे वाक्य आहे: वडील माझ्याकडे असतात. 'आय अ‍ॅम लुकिंग आफ्टर माय फादर' म्हणजे सध्यापुरते, बहीण परगावी गेली आहे म्हणून किंवा शस्त्रक्रियेनंतरचे काही दिवस. मराठीत 'मी बाबांना सांभाळतो' आणि 'मी बाबांना सांभाळतो आहे' यांत असाच फरक आहे, पण इंग्रजी बोलताना आपण सवयीने सगळीकडे 'आय अ‍ॅम लुकिंग' म्हणतो आणि ऐकणाऱ्याला ती तात्पुरती सोय वाटते. गोष्ट पूर्वी सुरू झाली असून अजून चालू असेल, उदाहरणार्थ २०१९ पासून, तर 'आय हॅव बीन लुकिंग आफ्टर हिम सिन्स २०१९' असेच म्हणावे लागते. मराठीतला 'सांभाळतो आहे' जसाच्या तसा उचलून 'आय अ‍ॅम लुकिंग आफ्टर हिम सिन्स' म्हणणे ही आपल्याकडची फार पसरलेली चूक आहे.

'टेक केअर ऑफ' कोठे वेगळे पडते

पुष्कळ पुस्तके 'लुक आफ्टर' आणि 'टेक केअर ऑफ' हे समानार्थी आहेत असे सांगून पुढे जातात. माणसांच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरे आहे, आणि तिथला फरक बहुतेक प्रदेशाचा आहे: ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया आणि भारत इथल्या इंग्रजीत 'लुक आफ्टर' जास्त ऐकू येते, तर अमेरिकेत 'टेक केअर ऑफ'. वस्तू आणि कामांकडे वळले की मात्र दोहोंचे रस्ते वेगळे होतात, आणि माझ्या मते या विषयातला सर्वांत उपयोगाचा भाग हाच आहे.

गृहनिर्माण संस्थेच्या सेक्रेटरींना रहिवासी ई-मेल लिहितात. गच्चीवरच्या टाकीतून पाणी झिरपते आहे, वरच्या मजल्यावरच्या घराच्या छताला ओल आली आहे, आणि पत्राच्या शेवटी वाक्य येते: 'काइंडली लुक आफ्टर द लीकेज.' लिहिणाऱ्याच्या मनात 'गळतीकडे लक्ष द्या' हे मराठी वाक्य आहे, आणि 'लक्ष देणे' म्हणजे 'लुक आफ्टर' असे समीकरण त्याने शाळेपासून धरलेले आहे. पण 'लुक आफ्टर' च्या पुढे येणारी गोष्ट टिकावी, वाढावी, निदान जशी आहे तशी राहावी अशी बोलणाऱ्याची इच्छा असते: मूल, झाड, घर, सामान, हिशेब, खाते, गिऱ्हाईक. गळती टिकवायची नाही, थांबवायची आहे. म्हणून इथे 'काइंडली टेक केअर ऑफ द लीकेज' चालेल, कारण 'टेक केअर ऑफ' चा दुसरा अर्थ 'निकालात काढणे' असा आहे आणि त्याच्या पुढे संपवायची गोष्टही येऊ शकते. 'काइंडली सी टू द लीकेज' म्हटले तर 'ते काम करून घ्या' असा अर्थ होईल. गळती नेमकी कोठून होते हेच कळत नसेल आणि आधी तपासणी व्हावी असे म्हणायचे असेल, तर 'लुक इन्टू' योग्य ठरेल, कारण त्याचा अर्थ चौकशी करणे, मुळाशी जाणे असा आहे. त्याच सेक्रेटरींना 'प्लीज लुक आफ्टर द वॉटर टँक' असे लिहिले तर ते अगदी शुद्ध इंग्रजी आहे, फक्त त्याचा अर्थ टाकीची नियमित निगा राखा, असा होईल.

हीच कसोटी इतरत्रही लावता येते. 'द बिल हॅज बीन टेकन केअर ऑफ' म्हणजे बिल चुकते झाले, विषय संपला. 'आय विल टेक केअर ऑफ इट' म्हणजे ते माझ्यावर सोडा, मी उरकतो. 'आय विल लुक आफ्टर इट' असे कोणी आपल्या सायकलीबद्दल म्हणाले तर सायकल त्याच्याकडे राहणार आहे आणि तो ती जपणार आहे. कॅनडासारख्या देशात 'लुक आफ्टर' सुद्धा कधीकधी 'उरकणे' या अर्थाने ऐकू येतो, तेव्हा तिथे राहणाऱ्यांनी कानांवर विश्वास ठेवावा. पण लिहिताना वर सांगितलेला भेद पाळला तर कोठेही गैरसमज होणार नाही.

'टेक केअर ऑफ' च्या या दुसऱ्या अर्थाला एक काळी छटाही आहे. गुन्हेगारी चित्रपटांत टोळीचा म्होरक्या एखाद्याबद्दल 'टेक केअर ऑफ हिम' म्हणतो, तेव्हा तो त्याला संपवायला सांगत असतो, आणि एखाद्या अधिकाऱ्याला 'टेकन केअर ऑफ' केले आहे असे कुजबुजले जाते, तेव्हा त्याचे हात ओले झालेले असतात. मराठी वाचकाला हे परके वाटू नये, कारण आपल्या 'बघून घेणे' ला तीच दुहेरी धार आहे. 'तुम्ही निघा, बाकीचे मी बघून घेतो' हे वाक्य आधार देते आणि 'तुला बघून घेईन' हे वाक्य धमकी देते. 'लुक आफ्टर' ला अशी धमकीची बाजू सहसा नाही.

कार्यालयीन इंग्रजीत 'लुक आफ्टर' चा आणखी एक उपयोग भरपूर दिसतो आणि तो निर्दोष आहे: 'शी लुक्स आफ्टर सेल्स', 'ही लुक्स आफ्टर द नाशिक ब्रँच'. याचा अर्थ ते काम त्या व्यक्तीच्या अखत्यारीत आहे. मात्र यातून तिचे पद कळत नाही, त्यामुळे नोकरीच्या अर्जात केवळ 'आय लुक्ट आफ्टर अकाउंट्स' असे लिहिण्यापेक्षा नेमके काय केले ते लिहावे. दिल्लीतल्या काही सरकारी खात्यांच्या आदेशांत 'लुक आफ्टर चार्ज' असा शब्दप्रयोग आढळतो. रीतसर बढती न देता वरच्या पदाचे काम तात्पुरते सोपवले की तो येतो, आणि आपल्याकडच्या सरकारी मराठीतला 'कार्यभार' हा शब्द त्याच्या जवळ जातो. हा भारतीय कारभाराचा शब्द आहे, बाहेरच्या इंग्रज वाचकाला तो उलगडून सांगावा लागेल.

पाहण्यातून सांभाळणे कसे आले

'लुक' म्हणजे पाहणे आणि 'आफ्टर' म्हणजे नंतर किंवा मागे, तर या दोहोंतून सांभाळणे कसे निघाले, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात आणि शिक्षक बहुधा 'पाठ करा' असे सांगतात. खरे तर मराठी माणसाला हे समजण्याची सोय घरातच आहे. 'म्हातारपणी आम्हाला कोण बघणार?' या वाक्यात कोणाला डोळ्यांनी पाहायचे नसते. 'दुकान आता धाकटा पाहतो', 'शेतीवाडी चुलते बघतात' ही वाक्ये रोजची आहेत. 'देखभाल' आणि 'देखरेख' या शब्दांतही 'देख' म्हणजे पाहणेच आहे. ज्याच्याकडे डोळे लागलेले आहेत त्याची जबाबदारी आपल्यावर आहे, ही अर्थाची वाट दोन्ही भाषांनी स्वतंत्रपणे चोखाळली.

'आफ्टर' चा अर्थ इथे काळाने नंतर असा नाही. त्याचा जुना अर्थ मागून, पाठोपाठ असा आहे, आणि जाणाऱ्या माणसाच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत राहणे या अर्थाने 'शी लुक्ट आफ्टर हिम' आजही कथा-कादंबऱ्यांत येते. वाचताना असे वाक्य भेटले आणि पुढेमागे कोणी दूर जात असेल, तर तिथे सांभाळण्याचा अर्थ लावू नये. पूर्वी याच शब्दांचा अर्थ अपेक्षेने वाट पाहणे असाही होता. १६११ साली छापल्या गेलेल्या इंग्रजी बायबलात लूकच्या शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायात 'लुकिंग आफ्टर' हे शब्द आले आहेत, आणि तिथे जगावर जे येऊ घातले आहे त्याची धास्तीने वाट पाहणे असा त्यांचा अर्थ आहे. आपल्या 'वाट पाहणे' मध्येही तेच क्रियापद आहे. इंग्रजीत हा अर्थ पुढे मावळला आणि सांभाळण्याचा तेवढा उरला.

'आफ्टर' लागलेली आणखी दोन जोडक्रियापदे याच्या शेजारी उभी असतात आणि घोटाळा करतात. 'आस्क आफ्टर' म्हणजे एखाद्याची खुशाली विचारणे: 'माय आंट वॉज आस्किंग आफ्टर यू', मावशी तुझी चौकशी करत होती. 'टेक आफ्टर' म्हणजे रूपाने किंवा स्वभावाने कोणावर तरी जाणे: 'शी टेक्स आफ्टर हर ग्रँडमदर', ती आजीवर गेली आहे. 'टेक केअर' आणि 'लुक आफ्टर' या दोहोंची सरमिसळ होऊन 'आय टेक आफ्टर माय मदर' असे कोणी म्हणाले, तर ऐकणारा त्याच्या चेहऱ्यात आईचा चेहरा शोधू लागेल.

स्वतःला सांभाळणे

निरोप घेताना 'टेक केअर' म्हणतात हे आता सर्वांना माहीत आहे. ब्रिटनमध्ये त्याच्या जोडीला 'लुक आफ्टर युअरसेल्फ' हेही ऐकू येते आणि त्यात थोडी अधिक आपुलकी असते. आजारातून उठलेल्याला किंवा बऱ्याच काळासाठी दूर निघालेल्याला ते म्हणावे. मराठीतले 'सांभाळून जा' किंवा 'जपून जा' हे वेगळे, कारण ते वाटेबद्दल आहे, प्रकृतीबद्दल नाही. त्यासाठी ब्रिटनमधली जुनी माणसे 'माइंड हाउ यू गो' म्हणतात, आणि 'सांभाळ, पायरी आहे' याला तिथे 'माइंड द स्टेप' आहे. 'टेक केअर' च्या पुढे 'टू' किंवा 'नॉट टू' आले की तो निरोप उरत नाही, दक्षतेची सूचना होते: 'टेक केअर नॉट टू वेक द बेबी', बाळ उठणार नाही अशा बेताने.

'शी कॅन लुक आफ्टर हरसेल्फ' चा अर्थ संदर्भाने बदलतो. आजारी बाईबद्दल म्हटले तर तिला आता आंघोळ, जेवण, चालणेफिरणे कोणाच्या मदतीशिवाय जमते. तरुण मुलीबद्दल, ती एकटी परगावी निघाली असताना म्हटले, तर ती खमकी आहे, कोणी वाटेला गेला तर त्याला पुरून उरेल. 'ही ओन्ली लुक्स आफ्टर नंबर वन' मध्ये 'नंबर वन' म्हणजे तो स्वतः. आपले तेवढे पाहणाऱ्या माणसाबद्दलचे हे बोल आहेत आणि त्यांत कौतुक नाही. पैशांबद्दलची 'लुक आफ्टर द पेनीज अँड द पाउंड्स विल लुक आफ्टर देमसेल्व्ज' ही म्हण 'थेंबे थेंबे तळे साचे' च्या कुळातली आहे, फक्त तिचा भर साचण्यापेक्षा चिल्लर जपण्यावर आहे. लॉर्ड चेस्टरफील्ड यांच्या अठराव्या शतकातल्या पत्रांत हीच म्हण 'टेक केअर ऑफ' ने सुरू होते, आणि आजही ती दोन्ही रूपांत चालते.

जवळपासचे इतर शब्द

मूल किंवा सामान थोडा वेळ सोपवायचे असेल तर दर वेळी 'लुक आफ्टर' लागत नाही. रेल्वे स्थानकावर तिकीट काढून येईपर्यंत शेजारच्या बाईंना बॅगेकडे नजर ठेवायला सांगायचे, तर 'कुड यू कीप अॅन आय ऑन माय बॅग?' हे पुरेसे आहे. यात फक्त पाहण्याचे काम आहे. लहान मूल तासभर सोपवायचे असेल तर अमेरिकेत 'वॉच' म्हणतात, ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये 'माइंड', आणि घरी पाळणाघर चालवणारी बाई ब्रिटनमध्ये 'चाइल्डमाइंडर' असते. संध्याकाळी आईवडील बाहेर गेले असताना मुलांपाशी थांबणे ते 'बेबीसिटिंग'. आजीने नातवाला वर्षभर सांभाळले, तर ते 'बेबीसिटिंग' म्हणणे तिच्या कष्टांना कमी लेखणारे आहे. तिथे 'लुक आफ्टर' हाच शब्द हवा.

'केअर फॉर' हा 'लुक आफ्टर' चा औपचारिक सोबती आहे आणि तो शुश्रूषेच्या संदर्भात शोभतो. त्यातले 'फॉर' अजिबात गाळू नये. 'आय अ‍ॅम केअरिंग माय मदर' हे वाक्य आपल्याकडे सर्रास लिहिले जाते आणि ते चूक आहे. शिवाय 'केअर फॉर' चा दुसरा अर्थ आवडणे असा आहे, आणि तो बहुधा प्रश्नात किंवा नकारात येतो. 'वुड यू केअर फॉर सम टी?' म्हणजे चहा घेणार का, आणि 'आय डोन्ट केअर फॉर टी' म्हणजे मला चहा विशेष आवडत नाही. 'आय डोन्ट केअर' एवढेच म्हटले तर मात्र 'मला काही फरक पडत नाही' असा उद्धट सूर लागतो, म्हणून दोन पर्यायांपैकी कोणताही चालेल हे नम्रपणे सांगताना 'आय डोन्ट माइंड' म्हणावे.

इंग्लंड आणि वेल्समध्ये 'लुक्ट आफ्टर' ला कायद्याचा अर्थही आहे, आणि तिथे स्थायिक होणाऱ्या, शाळेत किंवा समाजसेवेच्या क्षेत्रात काम करणाऱ्या मराठी माणसांना तो माहीत असावा असे मला फार वाटते. इंग्लंडमध्ये १९८९ च्या बालकविषयक कायद्याच्या कलम २२ नुसार, जे मूल स्थानिक प्रशासनाच्या ताब्यात दिले गेले आहे किंवा ज्याची राहण्याची सोय त्या प्रशासनाने सलग २४ तासांहून अधिक काळ केली आहे, ते 'लुक्ट आफ्टर चाइल्ड' ठरते. शाळेच्या अर्जात 'इज द चाइल्ड लुक्ट आफ्टर?' असा प्रश्न आला, तर त्यात मुलाची घरी नीट काळजी घेतली जाते का असे विचारलेले नसते, आणि अभिमानाने 'येस' लिहिणाऱ्या आईवडिलांनी नकळत चुकीची माहिती दिलेली असते. भारतातल्या २०१५ च्या बाल न्याय कायद्यातली 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेले बालक' ही संज्ञा याच प्रदेशातली आहे, तरी दोहोंच्या व्याख्या सारख्या नाहीत. अशा व्यवस्थेत वाढलेल्या अनेकांना 'लुक्ट आफ्टर' हा शिक्का वाटतो, आणि ते स्वतःसाठी 'केअर एक्स्पीरिअन्स्ड' असा शब्द पसंत करतात. तिथे काम करणाऱ्याने समोरच्या मुलाला जो शब्द आपला वाटतो तो वापरावा.

सांभाळणाऱ्या माणसाला काय म्हणावे, हेही देशागणिक बदलते. पुण्या-मुंबईत ब्यूरोमार्फत येणाऱ्या, आजीआजोबांपाशी चोवीस तास राहणाऱ्या मावशींना आपण आता 'केअरटेकर' म्हणतो. ब्रिटनमध्ये 'केअरटेकर' हा शाळेच्या किंवा इमारतीच्या दुरुस्तीचे आणि किल्ल्यांचे काम पाहणारा माणूस असतो, त्यामुळे 'वी हॅव हायर्ड अ केअरटेकर फॉर ग्रँडफादर' हे वाक्य तिथे विचित्र वाटेल. हाच शब्द राजकारणात गेला की 'केअरटेकर गव्हर्नमेंट' होतो, ज्याला आपण काळजीवाहू सरकार म्हणतो. ब्रिटनमध्ये आजारी किंवा वृद्ध माणसाला सांभाळणारी व्यक्ती 'केअरर' असते, मग ती घरचीच का असेना. तिथला 'केअरर्स अलाउन्स' हा सरकारी भत्ता मिळण्यासाठीच्या अटींपैकी एक अशी आहे की आठवड्यातून किमान ३५ तास कोणाला तरी सांभाळावे लागते. पगारावर हे काम करणाऱ्याला नेमकेपणाने 'केअर वर्कर' म्हणतात. अमेरिकेत या दोघांनाही 'केअरगिव्हर' हा शब्द चालतो. क्रियापद मात्र तिन्ही देशांत एकच ठेवता येते, कारण 'हू लुक्स आफ्टर युअर ग्रँडफादर?' हा प्रश्न ब्रिटनमध्ये, अमेरिकेत आणि भारतात सारखाच समजतो, आणि त्याच्या उत्तरात सून, मुलगा, शेजारीण किंवा ब्यूरोच्या मावशी यांपैकी कोणाचेही नाव सांगता येते.